न्यायला येणारं माणूस

विट्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा आप्पांनी माझी बॅग स्वतः वर चढवली. त्यांची उमेदीची वर्षं मदुराईत गलाईच्या कामात, म्हणजे सोनं-चांदी गाळण्यात गेली. कुठल्याही परमुलखात उतरलं तरी सराफ बाजारात आपल्याकडचा एखादा गलाईवाला सापडायचाच, पहिल्याच दिवशी भाकरी मिळायची. म्हणून त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं आपलं कोण हाय रं?"

"लागतंय कुणाला, आप्पा? काम घरात बसूनच करायचंय."

हे मी मोठ्या दिमाखात म्हणालो होतो.

कंपनी लंडनची, ऑफिस नाहीच. व्हिसा मिळत होता म्हणून राहायला पोर्तुगालमधलं ब्रागा निवडलं. दोन वर्षं रोज चौदा माणसांशी बोललो, सगळी स्क्रीनवरची. कधी को-वर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याच्या सामायिक ऑफिसात, बसलो तर ओळखी व्हायच्या, पण नाव पाठ होईपर्यंत माणूस दुसऱ्या देशात गेलेला असायचा. घरी मात्र मी त्यांच्यासोबतचे हसरे फोटो पाठवत राहिलो.

एका मंगळवारी मीटिंग चालू असतानाच पोटात कळ आली. कॅमेरा बंद करून मी फरशीवर आडवा झालो. मीटिंग संपली, कुणाला कळलंही नाही. कसाबसा टॅक्सीने हॉस्पिटलात पोचलो. अपेंडिक्स होतं, लगेच ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी नर्सने विचारलं, न्यायला कोण येणार? एकट्याला सोडत नव्हते. मी फोनमधली नावं वर-खाली करत राहिलो. ऑपरेशनपेक्षा ती दहा मिनिटं जड गेली.

शेवटी किराणा दुकानवाल्या नेपाळी बाईंना फोन लावला. मेथी आली की त्या कळवायच्या, म्हणून नंबर होता. दुकान बंद करून त्या आल्या. कागदावर सही करताना थांबून म्हणाल्या, "नाम तो बताओ भाई, क्या लिखूँ?" मीही तेव्हाच त्यांचं विचारलं. माया.

आठवडाभर मायादीदींनी जेवण पोचवलं. जखम पूर्ण भरल्यावर मी शनिवारी त्यांच्या दुकानात माल लावायला जाऊ लागलो. तिथं येणाऱ्या नेपाळी लोकांची बोली मला अर्धीच कळते, पण कुणी चार दिवस दिसलं नाही तर त्याला फोन जातो. असं माणसांत यायला मला पोट फाडून घ्यावं लागलं, याची लाज अजून वाटते.

घरी काहीच सांगितलं नव्हतं. यंदा गावी गेलो आणि बोअरच्या मोटारीच्या पाण्याखाली अंघोळ करताना आईला वण दिसला. सगळं सांगावं लागलं. आप्पा रानाकडं निघून गेले. आई म्हणाली, "आन् ती बाई आली नसती तर?"

निघायच्या दिवशी तिनं मायादीदींसाठी शेंगदाण्याची चटणी बांधली. परदेशी माणसाला सोसावी म्हणून तिखट कमी घातलं होतं. ती बॅगेची चेन ओढत होती आणि मी सहज बोलून गेलो, "शुक्रवारी घरी पोचलो की कळवतो."

तिचा हात थांबला. माझ्याही लक्षात आलं, पण शब्द मागं घ्यावा तर तो खोटा नव्हता. तिनं चेन लावली आणि बॅग माझ्याकडं सरकवली.

आधी फोनवर ती विचारायची, "घरी कवा येणार?" आता विचारते, "हिकडं कवा येणार?"