हे येतायत मागून
परवा टेंभी नाक्यावर गौरीसाठी तेरडा विकायला आलेला दिसला आणि आंबिवलीमागचा तो माळ आठवला. दरवर्षी भादव्यात आम्ही नवरा-बायको तिथे फुलं बघायला जायचो. हे गेले, त्या वर्षी मी एकटीच गेले. पाऊस नुकताच उघडलेला, माळभर गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी, ओल्या गवताचा वास, आणि "बघा ना" म्हणायला शेजारी कोणी नाही. बांधावर काकड्या तोडणाऱ्या एका म्हातारीने हाक मारली, "एकलीच आलीस गो?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही, हे येतायत मागून." तिने एक काकडी चिरून, मीठ लावून मला दिली. दुसरी कोवळी बघून पदराला पुसली आणि बाजूला ठेवली. म्हणाली, "ही त्याला." आम्ही गप्पा मारत बसलो. ऊन कललं तशी ती सारखी वाटेकडे बघायला लागली. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता ती काकडीही चिरून अर्धी माझ्या हातात ठेवली. नातेवाइकांसमोर आवरलेलं रडू तिथे फुटलं. ती नुसती पाठीवर हात फिरवत राहिली. आताही दर भादव्यात मी त्या माळावर जाते, आणि कोणी विचारलं तर एकटीच आले असं सांगते.