तुसावरची पिल्लं

वडिलांची बदली कलकत्त्याला झाली, त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी जवळच्या बजबज गावाहून कोंबडीची सहा पिल्लं आणली. तीन माझी, तीन धाकट्या बहिणीची. खोक्यात खाली काय अंथरायचं, ते जिचं तिने ठरवायचं होतं.

आमच्याकडे पुण्याचं वर्तमानपत्र टपालाने यायचं. आई ते वाचून झाल्यावरही ट्रंकेत जपून ठेवायची. मी हट्टाने त्यातले चार अंक मिळवले. माझ्या पिल्लांना घरातली मोलाची वस्तू हवी होती. बहीण मात्र खालच्या मजल्यावरच्या बंगाली मावशींकडे, आमच्या माशीमांकडे गेली. त्यांच्याकडे चुलीसाठी भाताचं तूस असे. बहीण फाडफाड बंगाली बोलायची, म्हणून त्या तिला जवळ घ्यायच्या. माझ्याकडे बघून नुसत्या हसायच्या. ती पिशवीभर तूस घेऊन आली. मी म्हटलं, "कचरा आणलास."

चार दिवसांत माझ्या पिल्लांचे पाय गुळगुळीत कागदावर घसरून दोन बाजूंना फाकले. तिघांनाही उभं राहता येईना. तिची पिल्लं तुरुतुरु पळत होती.

मला न विचारताच तिने माझ्या खोक्यातले कागद काढून तूस पसरलं आणि माशीमांनी दाखवलं तसे पिल्लांचे पाय सुताने सैलसर बांधले. आठवड्याभरात दोन उभी राहिली. तिसरं मेलं.

ते बघून ती हमसून रडली. मीही रडले, पण जरा उशिराने. आधी मला बरं वाटलं होतं, की चला, हिलाही एक जमलं नाही.