आतल्या कॅमेऱ्याची वायर

"आतला पण डायरेक्टच करा, उस्ताद. पोरगी एकटी जाते-येते."

पप्पा हळू बोलले होते. ते बॉनेटपाशी उभे होते आणि मी मागच्या सीटवर. मला ऐकू जाणार नाही असा त्यांचा हिशोब असावा. पण गाडीच्या चारही काचा खाली होत्या आणि जुन्या मोंढ्याजवळच्या त्या गल्लीत उन्हामुळे फारशी वर्दळ नव्हती. मी मोबाईलमध्ये बघत राहिले. मला ऐकू आलंय हे कळू न देण्याची माझी जुनी सवय आहे.

"हाव साहेब, करून देतो," उस्ताद म्हणाले.

उस्ताद म्हणजे गाड्यांचं वायरिंग करणारे. नांदेडमध्ये पप्पांच्या ऑफिसातले सगळे जण त्यांच्याकडेच जातात. दुकान म्हणजे एक शटर, पुढे पत्रा आणि भिंतीवर जुन्या हॉर्नची रांग. आम्ही आलो तेव्हा त्यांनी पप्पांना सलाम केला, माझ्याकडे बघून "बसा ताई, सावलीत बसा" म्हणाले आणि लगेच पप्पांना विचारलं, "साहेब, गाडी केव्हा घेतली?"

गाडी मी घेतली होती. छोटीशीच आहे, पांढरी, जुनी घेतलेली, पण कागद माझ्या नावावर आहेत. मी तसं बोलले नाही. पप्पांनी सांगितलं, "पोरीची आहे." उस्तादांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्नही पप्पांनाच विचारला.

"चावीवर देऊ का डायरेक्ट?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न असावा. चावीवर म्हणजे गाडी चालू केली की कॅमेरा चालू, बंद केली की बंद. डायरेक्ट म्हणजे वायर थेट बॅटरीवर. चावी खिशात असली, गाडी झाडाखाली उभी असली, तरी कॅमेरा जागाच. "बॅटरी उतरायचं टेन्शन घेऊ नका," उस्तादांनी एक काळी डबी दाखवली, "करंट कमी झाला की ही स्वतःच तोडते."

कॅमेरा हवा असं मीच म्हणाले होते. पण मला रस्त्याकडे बघणारा हवा होता. पप्पांनी मागवलेल्या खोक्यात दोन निघाले. एक बाहेर बघणारा. दुसरा सुपारीएवढा, आत बघणारा, आवाजही घेणारा. त्याचं चित्र आणि आवाज पप्पांच्या फोनवर दिसणार, ऐकू येणार होते, ते नांदेडला असोत आणि मी लातूरला. खोकं उघडलं तेव्हा पप्पा खूश झाले होते. मी "छान आहे" म्हणाले होते.

त्याला कारण होतं. हिवाळ्यात लोह्याच्या पुढे एक मोटरसायकल शेतातल्या वाटेवरून थेट हायवेवर आली. मागे कडब्याच्या पेंढ्या आडव्या बांधलेल्या. त्यांनी माझा आरसा फोडला आणि ती मोटरसायकल माझ्या दारासमोर आडवी झाली. त्या माणसाला खरचटलंही नव्हतं. पण बघता बघता माणसं जमली. "म्याडमनं दाबली गाडी." "शिकून राहिल्या असतील." "उतरा खाली, उतरा." मी उतरले. चूक कोणाची ते मला स्पष्ट माहीत होतं आणि अख्खं वाक्य डोक्यात तयार होतं, पण इंग्रजीत. शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा; घरात मी मुळातच कमी बोलणारी. त्या गर्दीत मला ना इंग्रजी फुटलं ना मराठी. मी पप्पांना फोन लावला आणि तो नुसताच हातात धरून उभी राहिले.

पप्पा ऑफिसातल्या कोणाची तरी मोटरसायकल घेऊन आले. तोवर एका म्हाताऱ्या माणसाने सगळ्यांना पांगवलं होतं आणि मी काचा वर करून आत बसले होते.  रात्री जेवताना पप्पा ताटाकडे बघत म्हणाले, "फोनवर मला तू सोडून सगळे ऐकू आले."

त्या वाक्यावर मला काही बोलता येत नव्हतं, म्हणून त्या सुपारीएवढ्या कॅमेऱ्यालाही मी नको म्हटलं नाही.

पण त्यांना ठाऊक नव्हतं की त्या दिवसानंतर मी गाडीत बोलायला लागले होते. मोठ्याने. सोमवारी पहाटे घरून निघायचं, विष्णुपुरी मागे पडली की काचा वर करायच्या आणि सुरू. पहिल्यांदा ते राहिलेलंच वाक्य बोलले. "दादा, तुम्ही न बघता रस्त्यावर आलात. आरसा माझा फुटलाय." अहमदपूर येईपर्यंत तेच. कधी रागाने, कधी समजुतीने, कधी नुसतंच. आवाज चिरकायचा, मग सुरळीत व्हायचा. पुढे त्यात माझं कामही आलं. लातूरच्या एका क्लासमध्ये मी प्रश्नपत्रिका काढते. तिथे कोणाशी बोलावं लागत नाही, म्हणूनच मी ते काम घेतलं होतं. आता जूनपासून मला वर्गावर उभं राहायला सांगितलंय. खेड्यापाड्यातून आलेली मुलं, मराठीत शंका विचारणारी. लातूरच्या खोलीत दोघी मैत्रिणी असतात, घरी पप्पा-मम्मी. त्यामुळे माझा सराव या गाडीतच चालतो. चाकूर ते लातूर मी रिकाम्या सीटला रसायनशास्त्र शिकवते. चुकते, स्वतःवर हसते, स्वतःलाच "गप बस" म्हणते, पुन्हा सुरू करते.

हे सगळं आता त्या आतल्या कॅमेऱ्यामार्फत नांदेडला पोचणार होतं.

उस्तादांनी दाराचं रबर ओढून काढलं, समोरच्या काचेच्या बाजूचं प्लास्टिक उचकटलं आणि बाहेरच्या कॅमेऱ्याची वायर छताच्या कापडात बोटांनी दाबत नेली. मग स्टीअरिंगखाली मान घालून टेस्ट लॅम्पची सुई फ्यूजांना लावत बसले. छोटा बल्ब लागला की "हा चोवीस तास" म्हणायचे, नाही लागला की "हा चावीवाला."

मी मनात वाक्य जुळवत होते. आतला नको. आतला राहू द्या. उस्ताद, एक मिनिट. प्रत्येक वाक्य बरोबर वाटायचं आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात पप्पा काहीतरी विचारायचे.

शेजारी एक टेम्पो उभा होता. त्याचा ड्रायव्हर आपल्या नंबराची वाट बघत टायरवर बसून आमचं काम बघत होता. "उस्ताद, माझ्या टेम्पोला पण आतला बसवा," तो म्हणाला, "बायकोला कळू द्या मी किती कष्ट करायलोय."

"तुला बसवला तर ती माहेराला जाईल," उस्ताद फ्यूजबॉक्समधूनच म्हणाले. "दिवसभर घोरताना कोण बघणार?"

पप्पा हसले. मलाही हसू आलं, पण ते मी आतच ठेवलं.

बाहेरचा कॅमेरा चालू झाला. छोट्या पडद्यावर गल्ली दिसली, समोरचा चहाचा गाडा, त्याच्यापाशी बसलेलं कुत्रं. मला खरोखरच बरं वाटलं. आता कोणी म्हणालंच की म्याडमनं दाबली, तर दाखवता येईल. इथेच थांबलं असतं तर मी आनंदाने घरी गेले असते.

उस्तादांनी दुसऱ्या कॅमेऱ्याची वायर सोडवली. आरशाच्या खाली तो चिकटवून त्यांनी तोंड सीटकडे केलं. "साहेब, फोन द्या. जोडून घेऊ."

पप्पांनी फोन दिला. माझा फोन माझ्या हातातच होता. माझं आधार, माझं बँकेचं खातं, कॉलेजचे फॉर्म, सगळ्याला पप्पांचाच नंबर. कुठलाही ओटीपी आला की पप्पा तो फोन करून वाचून दाखवतात. त्यामुळे कोणत्या फोनला जोडायचं हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. मलाही, खरं तर, उस्तादांनी पप्पांचा फोन परत दिल्यावरच पडला.

"आत्ता वायर नुसती टेकवलीय," उस्ताद म्हणाले. "आवाज बघून घेऊ, मग छतात दाबून टाकतो. एकदा दाबली की पुन्हा काढायला कापड उचकटावं लागते. साहेब, तुम्ही जरा लांब जा फोन घेऊन. ताई, तुम्ही पुढं बसा. काचा वर करा. अन् बोला काहीतरी."

मी पुढच्या सीटवर बसले. काचा वर केल्या. टेम्पोवाल्याचा आवाज एकदम लांब गेला. माझी नेहमीची जागा, नेहमीची शांतता. फक्त आरशाजवळ एक हिरवा ठिपका होता.

पप्पा रस्ता ओलांडून चहाच्या गाड्यापाशी गेले. फोन कानाला लावला. मग तिथून त्यांनी हात हलवून 'नाही' अशी खूण केली.

उस्तादांनी काचेवर टकटक केलं. "बोला ताई, हॅलो म्हणा."

मी ओठ उघडले. काहीच आलं नाही. हॅलो हा शब्द मला अवघड नव्हता. पण हॅलो म्हटलं की टेस्ट झाली, टेस्ट झाली की वायर छतात गेली. न बोलणं हाच माझ्याकडचा एकमेव विरोध होता, आणि तो विरोध आहे हे तिथे कोणालाही कळत नव्हतं.

"काही येईना!" पप्पा तिकडून ओरडले. ते मला काचेआडूनही ऐकू आलं.

उस्तादांनी दार उघडलं, कॅमेऱ्याची पिन काढून फुंकली, पुन्हा बसवली. वायर हातात धरून शेवटापर्यंत चाचपली. "कुठं तरी लूज हाय," ते स्वतःशीच म्हणाले. "नवीन मालात पण असं निघते." त्यांनी दार लावलं आणि मान हलवून मला इशारा केला.

मी पुन्हा गप्प.

टेम्पोवाला उठून काचेजवळ आला होता. "उस्ताद, वायर नका तपासू," तो म्हणाला, "ताई बोलूनच नाही राहिल्या. चांगला माईक खराब म्हणून परत करताल तुम्ही."

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. त्यांना काही समजलं असंही मला वाटलं नाही. त्यांना काम संपवायचं होतं. "बोला की, बेटा," ते म्हणाले. "साहेब उन्हात उभे आहेत."

मी समोर बघितलं. पप्पा खरंच उन्हात होते. गाड्याच्या ताडपत्रीची सावली हातभरावर होती, पण तिथे चहाच्या स्टोव्हचा आवाज येत असणार. एका कानाला फोन, दुसऱ्या कानावर तळहात दाबलेला, मान खाली, कपाळावर आठ्या. रस्त्यावरून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली तरी त्यांनी वर बघितलं नाही. ते माझा आवाज शोधत होते. लोह्याच्या पुढे मी फोन हातात धरून उभी होते तेव्हा ऑफिसच्या जिन्यात ते असेच उभे राहिले असतील, हे मला पहिल्यांदा दिसलं. तेव्हाही त्यांना सगळं ऐकू आलं होतं, मी सोडून.

मी अशीच गप्प राहिले, तर उस्ताद दुसरा कॅमेरा मागवतील. तो बसेल. सोमवारी विष्णुपुरी मागे पडेल, मी काचा वर करीन, आणि लातूरपर्यंत हिरव्या ठिपक्यासमोर गप्प बसून गाडी चालवीन. जूनमध्ये वर्गावर जाईन ती तशीच.

  उस्ताद वायरचं टोक धरून काचेबाहेर थांबले होते, दाबायला तयार. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, ठिपक्याकडेही नाही. मी पप्पांकडे बघितलं, आणि दर सोमवारी लोह्याच्या पुढे जितक्या मोठ्याने बोलते तितक्याच मोठ्याने बोलले. पप्पांची मान झटक्यात वर आली. मी थांबले नाही.

"पप्पा, मी बोलतेय. बाहेरचा राहू द्या, हा आतला काढायला सांगा. या गाडीत मी एकटी असले की मोठ्याने बोलते, बोलायची सवय करतेय. पण कोणी ऐकतंय म्हटलं की मला जमत नाही. तुम्ही ऐकत असलात तरी."