मावेजाची पायवाट

आमच्या गावातून हायवे जाणार ही अफवा मी पसरवली नाही. मी फक्त दगडांवर बाण काढले होते.

झालं असं, की आमची लेक कॅनडात एका एवढ्याशा गावात राहते. तिथले लोक म्हणे रानातली जुनी पायवाट जपतात, खुणा रंगवतात, जागोजागी गावाचा इतिहास लिहून ठेवतात. जावईबापूंनी फोनवर इतकं कौतुक सांगितलं, की मला राहवेना. "हॅ! ट्रेल तर आमच्याकडं पण आहे. दिवाळीला या, दाखवतो!" (ट्रेल हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा उच्चारला होता.)

झालं! जावयाला शब्द देऊन बसलो. आता इज्जतीचा सवाल! आमच्या बांधावरून जुन्या बारवेकडं एक पायवाट जाते. वाटेत निजामाच्या काळातली चौकी लागते, म्हणजे एक भिंत आणि तिच्यावर शेळ्या. लोक हसतील म्हणून मी भल्या सकाळी लाल रंगाचा डबा घेऊन गेलो, दगडादगडावर बाण काढले आणि हातात ब्रश धरून स्वतःचा फोटो जावयांना पाठवला.

दुपारी चुलतभाऊ बप्पा धापा टाकत आला. "दादा, लाल खुणा पाह्यल्या का? हायवे येऊन राह्यला!"

"कोण म्हणलं?"

"कोण कशाला पाह्यजे? जमिनीचा मावेजा भेटतो, दादा, सरकारी भरपाई! झाड असंल तर झाडाचा, शेड असंल तर शेडचा!"

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तोच आमची सौ. कडाडली, "तुम्ही गप बसा! तुम्हाला व्यवहारातलं काही कळत न्हाई." मी गप बसलो. (लग्नापासूनची सवय!)

बघता बघता पायवाटेवर मोसंबीची रोपं उभी राहिली. बप्पानं मधोमध पत्र्याचं शेड ठोकून त्यात सासुरवाडीची म्हैस आणून बांधली. आणि बारवेच्या ऐन तोंडाशी रसवंती निघाली! ऊस नाही, चरक नाही, नुसता बोर्ड. मालकीण कोण? आमची सौ.!

दिवाळीला लेक-जावई आले. लेक आईजवळ बसली आणि मी चप्पल शोधेपर्यंत जावईबापू टोपी घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून एकटेच निघाले. एकेका बाणापाशी वाकायचे, फोटो काढायचे. मी पोहोचलो तेव्हा अख्खी भावकी त्यांच्या मागं!

"साहेब, हे रोप राह्यलं बघा!"

"साहेब, शेड बराबर लिहा!"

बप्पानं मात्र त्यांना ओळखलं. "अरे, हे तर आपले जावई! जावईबापू, हायवेत लागले व्हय? मंग घरच्यांचं जरा जास्त लिहा की! म्हशीपासून सुरू करा!"

जावई गोंधळले. "काका, कसला हायवे? हा तर ट्रेल आहे ना? बाबांनीच बाण काढलेत. हा बघा फोटो."

फोन हातोहात फिरला. फोटोत मी, ब्रश घेऊन, दात काढून हसतोय! सगळे माझ्याकडं वळले. म्हैससुद्धा वळली. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं.

"दादा," बप्पा म्हणाला, "मंग आता मावेजा तुम्हीच द्या!"

शेड निघालं, म्हैस माहेरी गेली, बोर्ड आमच्या माळ्यावर पडला. पण रोपं उपटायला कुणाचं मन होईना, आणि पाणी घालायला कुणी तयार होईना. शेवटी सौ.नं भर भावकीत निकाल दिला, "ज्यानं बाण काढले, त्यानं पाणी घालावं!"

परवाच जावयांचा फोन आला. "बाबा, ट्रेलवर चालायला जाता की नाही?"

"बिलकुल!" मी म्हणालो. "सकाळ-संध्याकाळ जातो. दोन्ही हातांत बादल्या घेऊन!"