निकालातली स्वयंपाकीण

माझी थोरली बहीण कायद्याच्या कॉलेजात राज्यघटनेचा इतिहास शिकवायची. निवृत्तीनंतर लोक गुडघे सांभाळतात. ताई गुलामगिरीचे जुने खटले सांभाळते. मी पस्तीस वर्षं नर्स होते, त्यामुळे दुसऱ्याच्या दुखण्यात किती गुंतायचं हे मला कळतं. तिला कळत नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांना जागा नसते, सगळीकडे झेरॉक्स पसरलेले.

त्यातल्या एका खटल्यावर तिचा फार जीव. दोनशे वर्षांपूर्वी लहानपणीच विकली गेलेली एक स्वयंपाकीण मालकाविरुद्ध कोर्टात उभी राहिली. न्यायाधीशाने लिहिलं की माणूस ही मालमत्ता नव्हे, हिला मुलीसकट सोडा. हा निकाल ताईनेच तीस वर्षांपूर्वी धुळीतून काढला आणि घटनेतल्या वेठबिगारीबंदीच्या कलमाचं मूळ इथं आहे, असं आपल्या पुस्तकात ठणकावून मांडलं. दर वर्षी शेवटचा तास ती एकाच वाक्यावर संपवायची: "आणि ती बाई मुलीचा हात धरून कोर्टाबाहेर पडली." मुलं टाळ्या वाजवायची. एकदा मीही मागच्या बाकावर बसून ऐकलं होतं. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरून आले होते.

यंदा तिची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती आता वकील आहे. खाणीवर कोंडून कामाला जुंपलेल्या चाळीस मजुरांचा खटला ती लढवत होती आणि तिची सगळी भिस्त ताईच्या निकालावर होती. सुनावणी आठवड्यावर आलेली. निकालाची शिक्क्याची प्रत हवी म्हणून ताई आणि मी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो. पिशवी धरणं आणि ताईला वेळेवर गोळी देणं, एवढंच माझं काम.

रेकॉर्डकीपर प्रत तयार करत होता. बसून बसून कंटाळले, म्हणून मी विचारलं, "आमच्याकडे पेशंट दुसऱ्या वॉर्डात हलवला की नवा नंबर पडतो. तुमच्याकडे तसं नसतं का?"

"अपिलाला पडतो की," तो म्हणाला. "आणि ते अपील करणाऱ्याच्या नावावर लागतं. ती रजिस्टरं मागच्या खोलीत आहेत."

ताईचं लिहिणं थांबलं. स्वयंपाकिणीच्या बाडाला अपिलाचा कागद जोडलेला नव्हता. तेवढ्यावर तिने आनंदाच्या भरात 'अपील झालं नाही' असं लिहून टाकलं होतं. मालकाच्या नावाने तिने कधी शोधलंच नव्हतं.

त्या नावाचं पान अर्ध्या तासात सापडलं. नवव्या दिवशी वरच्या कोर्टाने निकाल फिरवला होता. खाली मालकाची सही होती आणि वर लिहिलं होतं, 'बाई आणि मुलगी, दोन्ही ताब्यात मिळाल्या.'

घरी आल्यावर मी स्पष्टच म्हटलं, "गप्प बस. कुणाला कळणार आहे? तिकडे चाळीस माणसं अडकलीत."

"मला कळलंय ना," ताई म्हणाली. "आणि उद्या समोरच्या वकिलाने हे काढलं तर ते चाळीसही जातील. फोन दे इकडे."

वकीलबाईंनी फोनवर अपिलाचा नंबर आणि तारीख लिहून घेतली. मग म्हणाल्या, "मॅडम, दुसरा कागदही पाठवा."

सुनावणीत त्यांनी दोन्ही कागद पुढे ठेवले. एका न्यायाधीशाने सोडलं, दुसऱ्याने नऊ दिवसांत परत केलं. माणसाची सुटका कुणा एकाच्या मर्जीवर राहू नये, म्हणूनच घटनेत कलम घालावं लागलं, असं त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत मजुरांच्या सुटकेचा हुकूम निघाला. वकीलबाईंचा फोन आला तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं.

ताईने त्यांचं कौतुक केलं आणि फोन ठेवला. मी म्हटलं, "झालं ना चांगलं? चल, आता दोन घास खा."

"त्यांचं झालं गं," ती म्हणाली. "तिच्या सुटकेवर मी इतकी वर्षं टाळ्या घेतल्या. आणि ती तिकडे परत त्याच चुलीपुढे. पोरगीसुद्धा."

मग ती रडायला लागली. वॉर्डाबाहेर बसलेल्या माणसांना वाईट बातमी सांगायचं काम माझ्याकडे कितीदा तरी आलं होतं. ती माणसं अशीच रडायची. त्यांना समजावायला माझ्याकडे चार ठरलेली वाक्यं असायची. त्यातलं एकही इथं चालेना. मी खुर्ची जवळ ओढली आणि तिचा हात धरून बसून राहिले.