पेशंटच्या बाजूची बाई

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आमच्याकडे आलेल्या नर्सबाई उद्धट आहेत असं मी सगळ्यांना सांगत फिरलो, म्हणून त्यांना तिथे पुन्हा कोणी बोलावलं नाही. मी सांगितलं ते खोटं होतं.

हॉस्पिटलची नोकरी सोडून त्यांनी नुकताच स्वतःचा व्यवसाय सुरू केला होता. पेशंटबरोबर डॉक्टरांकडे जायचं, रिपोर्ट समजावायचे, पेशंटच्या वतीने प्रश्न विचारायचे. असलंही काम असतं, याचंच मला नवल वाटलं. बायकोच्या आजारपणात मी त्यांना बोलावलं. मी पुढे केलेली खुर्ची उचलून त्या हिच्या पलंगाशी गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या.

"काकी, डॉक्टरांना काय विचारू? तुमच्या शब्दांत सांगा."

ही बोलली ते त्यांनी जसंच्या तसं वहीत उतरवलं, 'पोटात कायतरी बसलंय' हेसुद्धा.

निघताना मी दाराबाहेर हळूच म्हणालो, "कॅन्सर आहे हे हिला माहीत नाही. सांगू नका."

त्यांनी चपलेत घातलेला पाय बाहेर काढला. "काका, आपणहून नाही सांगणार. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. मी त्यांची माणूस ना."

"मग उद्यापासून येऊ नका."

नवा धंदा, हातचं काम जात होतं, तरी त्या बधल्या नाहीत. का, हे कुतूहल मला अजून आहे.

दोन दिवसांनी हिने विचारलं, "ती मुलगी का नाही आली हो? तिला एक विचारायचं होतं."

"मला विचार की."



"नको. तुम्ही खोटं सांगाल."