जगदेव डाकवाल्याचे पाय

मंगरूळपीरहून शेलूबाजारकडे जाणारी वाट आज डांबराची आहे. जगदेव त्या वाटेनं डाकेची थैली घेऊन पळायचा तेव्हा ती दगडमातीची होती. दोन्ही अंगांना आमची काळी जमीन पसरलेली असायची, उन्हाळ्यात भेगाळणारी, हिवाळ्यात कापसानं पांढरी होणारी. अशी जमीन दुसरीकडे कुठं असेल तर मी पाहिलेली नाही. मी फार फिरलेलोही नाही.

जगदेवच्या कमरेला चामड्याचा पट्टा होता, त्यावर पितळी बिल्ला. हातात घुंगरांची काठी. ते घुंगरू वाजले की वाटेवरची गुरं बाजूला होत आणि वाटेवरच्या बाया चुलीवर डाळ चढवत. घड्याळ कुणाकडे नव्हतं, आणि गरजही नव्हती. पट्टा जगदेवच्या बापाचा होता. बाप थकला तेव्हा पोस्टमास्तरनं तो पोराच्या कमरेला बांधला. घरी खडकाळ रानाचा एक तुकडा होता, पण त्या रानावरून जगदेवला कुणी ओळखत नव्हतं. ओळखत होते ते पट्ट्यावरून.

पळायचा तो अनवाणी. त्याचे तळवे पाहून लोकांना बैलाच्या खुराची आठवण व्हायची, आणि तसं कुणी म्हटलं की जगदेवला बरं वाटायचं. पायांची निगा मात्र तो बाईनं लेकराची ठेवावी तशी ठेवी. परत आला की कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवायचा. बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या करायचा, कारण ओला पाय लवकर सोलतो. मग एरंडीच्या तेलात थोडं मेण वितळवून ते टाचेला चोळायचा. पावसाळ्यात कातडी मऊ पडून कधी फोड आलाच तर तो रागानं फोडून टाकत नसे. बाभळीचा काटा दिव्यावर धरायचा, फोडाच्या खालच्या काठाला टोचायचा, फडक्यानं पाणी टिपून घ्यायचा. वरची कातडी तशीच राहू द्यायचा. म्हणायचा, "ते पट्टी देवानं बांधली आहे, आपन कायले सोडाची?"

असे पाय, असा पट्टा. लग्न जमायला वेळ लागला नाही.

वाटेवरच सावरगव्हाण नावाचं गाव आहे. तिथल्या जानरावनं आपली मुलगी प्रयागबाई त्याला दिली. जानराव बऱ्यापैकी जमीन असलेला माणूस. त्याचं शेत गडी करत आणि तो रस्त्यालगतच्या आपल्या ओट्यावर बसून गावाकडे लक्ष ठेवी. पट्टेवाला जावई मिळाला हे तो ज्याला त्याला सांगायचा. ज्याला आधी सांगितलं होतं त्यालाही सांगायचा.

आमच्या भागात सासरा जावयाला लग्नात जोडा देतो. जोड्याचं माप जावयाला विचारत नाहीत. विचारलं तर जावयानं मागून घेतल्यासारखं होतं. म्हणून जानरावनं आपल्या परीनं अक्कल लढवली. जगदेव रोज जिथून नाला ओलांडायचा तिथल्या ओल्या काठावर तो दोरी घेऊन गेला. जगदेवचा एक स्वच्छ ठसा निवडला, दोरीनं मापला, आणि दोरी कारंज्याच्या चांगल्या कारागिराकडे पाठवली.

पळणारा माणूस बोटांवर जोर देतो. त्याच्या टाचेचा मागचा काठ मातीत उमटत नाही. जानरावनं मापला तो पळता पाय होता. हे त्याच्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं, कारण तो स्वतः आयुष्यात कधी पळाला नव्हता.

जोडा देखणा झाला. दुहेरी तळाचा, पुढं चोच वळलेला, चालताना करकर वाजणारा. मांडवात जगदेवनं तो घातला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जानरावला वाटलं, जावई मनाचा हळवा आहे.

इथवर ठीक होतं. पाय आखडून लग्न लागतं. पण आमच्याकडे आणखी एक रीत होती. लग्नाचं वर्ष पुरं होईपर्यंत जावयानं सासरच्या शिवेत अनवाणी यायचं नाही. आला तर सासऱ्यानं त्याला उघडं ठेवलं असं गाव म्हणतं. दुसरे जावई सासरी सणाला जातात. जगदेवचं सासर रोजच्या वाटेवर होतं.

तेव्हा तो थैलीबरोबर जोडाही गळ्यात अडकवून निघू लागला. सावरगव्हाणची शीव आली की खाली बसायचा, पाय आत कोंबायचा, आणि गावातून करकर करत पळायचा. जानराव ओट्यावर बसून तो आवाज ऐकायचा आणि शेजारच्याला म्हणायचा, "आयकलं काय? दुहेरी तळ आहे." पलीकडची शीव आली की जगदेव पुन्हा खाली बसून जोडा काढायचा. हळूहळू जोड्याबरोबर कातडीही निघू लागली.

टाचांना फोड आले. आदल्या दिवशीचा फोड बसायच्या आत दुसऱ्या दिवशी त्याच जागी जोडा घासायचा. देवाची पट्टी टिकेना. अंगठ्यांची नखं काळी पडली.

प्रयागबाईनं हळद-तूप लावलं, धुऊन मऊ झालेल्या लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या. पट्टीनं पाय आणखी मोठा झाला आणि जोडा आणखी लहान. मग तिनं भिजवलेला हरभरा जोड्यात गच्च भरून ठेवला, की तो फुगेल आणि जोडा सैलावेल. हरभरा फुगला. जोडा रुंद झाला, लांब झाला नाही. तो हरभरा तिनं कोंबड्यांना टाकला. कोंबड्यांनीही थोडाच खाल्ला. मंगरूळच्या मोच्यानं जोडा उलटापालटा करून सांगितलं, की वाढवायचा तर फाडावा लागेल.

"फाडला तर बाबा एका नजरेत ओयखतीन," प्रयागबाई म्हणाली. "त्यापेक्षा मीच त्याईले सांगतो, जोडा लहान आहे म्हनून."

"अन् ते काय समजतीन?"

"काय समजतीन?"

"देल्या घेल्यात खोट काढली, आज जोड्यात काढली, उद्या पोरीत काढीन."

प्रयागबाई पुन्हा पट्टी बांधायला बसली. बापाला ती ओळखत होती.

शेलूबाजारला वडाखाली खेमा थांबलेला असे. जवळच्या तांड्यातला हा उंच, काटक माणूस तिथून पुढची डाक न्यायचा. जगदेव उशिरा पोचला की खेमा पुढं उशिरा पोचे, आणि तिथला मास्तर खेमाला बोले.

"काय गा जगदेव," एक दिवस खेमा म्हणाला, "तुह्ये घुंगरू लंगडून राह्यले."

"जुने झाले."

"घुंगरू जुने झाले की पाय नवे झाले? दाखव." त्यानं पाहिलं आणि तोंड फिरवलं. "जोडा नाल्यात फेक."

"अन् सासऱ्याले काय सांगू?"

"चोरीले गेला म्हन."

"डाकवाल्याच्या गयातून जोडा चोरीले गेला, तं थैली कशी राह्यली म्हनतीन लोक."

खेमानं विचार केला. "हे बी खरं आहे," म्हणाला, आणि थैली घेऊन निघाला. दहा पावलांवरून ओरडला, "होळीले मी तांड्यात राहीन. तवा तरी येळेवर ये, नाई तं होळी पेटली राहीन अन् मी तुह्या वाटेकडं पाहात उभा!"

त्याच आठवड्यात मंगरूळच्या पोस्टमास्तरनं जगदेवला उभं केलं. माणूस वाईट नव्हता, पण डाक उशिरा गेली की वरून त्याला विचारणा होई.

"जगदेव, तुझ्या बापानं पुरात डाक पोचवली. तुला कोरड्या वाटेवर उशीर होतो. होळीपर्यंत पाहतो. नाही जमलं तर पट्टा खुंटीला लाव, मी दुसरा माणूस पाहतो."

जगदेवनं कारण सांगितलं नाही. कारण काय सांगणार? पट्टा वाचवायचा तर जोडा काढायला हवा, आणि जोडा काढला तर सासऱ्याची मान खाली जाते. पट्टा गेला तरी सासऱ्याची मान खालीच जाणार होती, कारण जानरावनं पोरगी पट्ट्याला पाहून दिली होती.

दुसऱ्या दिवशी परतताना सावरगव्हाणच्या नाल्यावर तो पाण्यात पाय सोडून बसला. तेवढ्यात त्याची सासू, गोजराबाई, म्हैस पाण्यावर घेऊन आली. तिनं डोईवरचा पदर पुढं ओढला. वर्ष होईपर्यंत सासूनं जावयाशी तोंड वर करून बोलायचं नाही, अशीही आमच्याकडे रीत होती. आमच्याकडे रीती पुष्कळ. पण गोजराबाईनं पाण्यातल्या टाचा पाहिल्या होत्या.

"काय वं भुरे," ती म्हशीला म्हणाली, "तुह्या खुराले कोनी लहान जोडा चढवला, तं तू काय करशीन?"

म्हैस पाणी पीत होती. जगदेवही म्हशीकडे पाहून बोलला, "म्हशीले सांगा, जोडा चांगला आहे. पायच बिघडले."

"म्हैस म्हन्ते, पाय आमी लग्नाच्या आंदी पाह्यले होते. बरे होते."

"म्हशीले म्हना, होळीले माहा पट्टा जाते. पन मामाजीले कळलं नाई पाह्यजे."

"म्हैस कोनाले सांगत नाई," गोजराबाई म्हणाली, आणि म्हशीला हाकत निघून गेली.

सावरगव्हाणचा रस्ता शिवेपासून शिवेपर्यंत सरळ आहे. त्याच्या मधोमध, लिंबाखाली, एक दगड होता. त्यावर कुत्री बसत. सकाळी गावानं पाहिलं तर दगडाला शेंदूर लागलेला, पुढं दिवा, आणि दिव्यात एरंडीचं तेल. गोजराबाई शेजारी बसलेली.

जानराव ओट्यावरून उतरून आला. "हे काय वं?"

"शेंदूर."

"दगडाले?"

"मंग कायले लावतेत?"

"कोनता देव आहे हा?"

"जोडे काढून बोला," गोजराबाई म्हणाली.

जानरावनं जोडे काढले. शेंदरापुढं पायात जोडा ठेवणारा माणूस आमच्या भागात तेव्हा नव्हता. गोजराबाईनं स्वप्न पडल्याचं सांगितलं नाही, अंगात आल्याचं दाखवलं नाही. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. कुणी विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "जिथून शेंदूर दिसते तिथून अनवाणी चाला." शेंदूर दोन्ही शिवांवरून दिसत होता. तिनं तो हात राखून लावलाच नव्हता.

जगदेव आला. सवयीनं शिवेवर बसून त्यानं जोडा घातला, मान वर केली, तर समोरून अख्खं गाव जोडे हातात घेऊन चाललेलं. तोही उठला, जोडा काढून एका हातात उंच धरला, दुसऱ्या हातात घुंगरांची काठी, आणि ओट्यासमोरून पळाला. गावाला जोडा दिसला. जानरावनं मान डोलावली. आवाज येत नव्हता एवढीच त्याला हळहळ वाटली.

पुढं जे झालं ते पायांनी आपल्या गतीनं केलं. घासणारं काही उरलं नाही तेव्हा फोड बसले, जुनी कातडी वाळून पडली, खालून गुलाबी कातडी आली. मीठपाणी, तेल, मेण. गुलाबीचं तांबूस झालं, तांबूसचं करडं. होळीच्या आधीच खेमानं वडाखालून घुंगरू ऐकले आणि म्हणाला, "सासरा मेला काय?"

"नाई. देवी आली."

"बरं झालं," खेमा म्हणाला, आणि त्या होळीला तो तांड्यात वेळेवर पोचला. पट्टा कमरेलाच राहिला.

चैत्र लागला. रस्ता तव्यासारखा तापू लागला. जानरावला दिवसातून पाचदहा वेळा तरी गावातून फेरी मारायची सवय होती, आणि त्याचे पाय जन्मभर जोड्यात वाढलेले, लोण्यासारखे. तळव्यांना बोराएवढे फोड आले. जगदेवला निरोप गेला. थैली मंगरूळला पोचवून तो संध्याकाळच्या आत, जोडा हातात घेऊन, सासरी आला.

त्यानं काटा दिव्यावर धरला, फोडाच्या काठाला टोचला, पाणी टिपलं, कातडी तशीच ठेवली.

"जवाईबापू, तुमाले यातलं लय समजते," जानराव म्हणाला.

"धंदाच पायाचा आहे मामाजी."

जानराव त्याच्या पायाकडे पाहत राहिला. टाचांवर जुने डाग होते, दोन्ही बाजूंना सारखे. मग त्यानं शेजारी ठेवलेल्या जोड्याकडे पाहिलं. मग पुन्हा पायाकडे. हात लांब करून त्यानं जोडा उचलला आणि जगदेवच्या तळव्याला लावला. टाच दोन बोटं बाहेर राहिली.

लिंबावर साळुंक्या भांडत होत्या.

"जवाईबापू," जानरावनं विचारलं, "तुमचा पाय पयताना लहान होते काय?"

"होते थोडासा," जगदेव म्हणाला.

जानरावनं जोडा खाली ठेवला. चोच पुसली. "वर्स कधी पुरं होते तुमचं?"

"मार्गशीर्षात."

"मंग तवा या देवीचं काई पाह्यता येईन," जानराव आपल्या तळव्यांकडे पाहत म्हणाला.

आतून, गोठ्याच्या बाजूनं, गोजराबाईचा आवाज आला. "भुरे, त्याईले सांग, देवी वर्साच्या बोलीनं येत नाई."

ती खरंच गेली नाही. लोक तिला फोडमाय म्हणू लागले. पायाला फोड आला की एरंडीचं तेल वाहतात, आणि उरलेलं घरी नेऊन पायाला लावतात, त्यामुळं गुणही येतो. जगदेवनं मोटार डाक न्यायला लागेपर्यंत पट्टा बांधला. मग तो पोस्टात नेऊन दिला आणि घुंगरू बैलांच्या गळ्यात बांधले.

कारंज्याचा तो जोडा शेवटपर्यंत नवाच राहिला. जगदेवच्या पोरीचं लग्न ठरलं तेव्हा प्रयागबाई म्हणाली, हाच पॉलिश करून जावयाला देऊ. जगदेवनं ऐकलं नाही. साखरपुड्याला त्यानं होणाऱ्या जावयाला अंगणात बोलावलं, चुलीतली राख पाटावर पसरली आणि म्हणाला, "उभे राहा यावर. दोनी टाचा टेकवा." पाहुण्यांमध्ये कुजबुज झाली. रीत मोडली होती. जावई लाजून बोटांवर उभा राहिला.

"टेकवा बापू," जगदेव म्हणाला. "मले घाई नाई."